झोपाळा न्यावा की पोळपाट?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,
मी कुडाळ तालुक्यातला. आमचं घर सुतारांचं. मी मुंबईत नोकरीला होतो, लॉकडाऊनमध्ये गावी आलो तो इथेच राहिलो. बाबा आणि मी मिळून फणसाच्या आणि जुन्या घरांतून निघालेल्या सागाच्या वस्तू करतो. झोपाळे, आरामखुर्च्या, हंडा-कळशी ठेवायच्या घडवंच्या, जेवणाची टेबलं. गेल्या डिसेंबरात पुण्यात एका हस्तकला प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेतला आणि टेम्पो भरून माल नेला. चार दिवसांत विकलं काय, तर दोन स्टुलं आणि एक घडवंची, तीही शेजारच्या स्टॉलवाल्याने घेतली. बाकी सगळे "वा, किती छान" म्हणायचे, फोटो काढायचे आणि पुढे जायचे. गणपतीनंतर घाईत केलेल्या एका टेबलाला तिथेच चीर गेली. परत येताना टेम्पो जवळजवळ तसाच भरलेला.
या मोसमात पुन्हा जावं का, यावर घरात तीन मतं आहेत. बाबा म्हणतात, न्यायचा तर झोपाळाच, "आपण काय जत्रेतले खाजेवाले?" बायको बचत गटात आहे. ती म्हणते पोळपाट-लाटणी, चमचे, मोबाइल ठेवायचे स्टँड न्या, रोख पैसा येईल. मला वाटतं जाऊच नये. शिवाय लोक ऑनलाइन फर्निचरचे भाव मोबाइलवर काढून दाखवतात, त्यांना काय सांगायचं?
— एक सुतार, कुडाळ

उत्तर

नमस्कार.

घरात तीन मतं आहेतच, तर माझं चौथं ऐका. जा, पण माल खपवायला म्हणून जाऊ नका, ऑर्डरी घ्यायला जा. टेम्पो भरलेला परत आला त्यात तुमच्या मालाचा दोष मला दिसत नाही. प्रदर्शनाला येणारा माणूस स्कूटरवरून नाहीतर रिक्षाने येतो, खांद्याला एक पिशवी असते. जेवणाचं टेबल घ्यायचं म्हणजे आधी घरी जाऊन जागा मोजायची, घरच्यांना विचारायचं, आहे ते टेबल कोणाच्या गळ्यात मारायचं ते ठरवायचं, लिफ्टमध्ये मावेल का ते बघायचं. स्टॉलपुढे उभं राहून दहा मिनिटांत एवढं कोणी उरकत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं पर्यटक पटापट उचलतात, कारण ती पिशवीत मावतात आणि त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. तुमचं गिऱ्हाईक तसं नाही. ते आज बघतं, रविवारी घरात बोलतं आणि जमलं तर पुढच्या महिन्यात फोन करतं.

म्हणजे "किती छान" म्हणून फोटो काढून गेलेली माणसं हीच तुमची गिऱ्हाइकं होती. त्यांचे नंबर घेतलेत का? पत्रात तसं काही नाही, तेव्हा बहुतेक घेतले नसावेत. चार दिवसांतला खरा तोटा मला तिथे दिसतो.

आता हिशेब करू, म्हणजे तुमचे बाबा आणि पत्नी यांच्यात कोण बरोबर ते कळेल. आकडे मी समजुतीसाठी धरते, तुम्ही तुमचे घाला. समजा स्टॉलचं भाडं १५,००० रुपये, टेम्पो जाऊन-येऊन १४,०००, राहणं-खाणं ८,०००. झाले ३७,०००. एका पोळपाटामागे लाकूड आणि मजुरी जाऊन १५० रुपये सुटले, तर नुसता खर्च भरून यायला जवळजवळ २५० पोळपाट विकायला हवेत. चार दिवस बसून २५० पोळपाट विकणं कठीण, आणि ते आधी करायला लागणारे दिवस वेगळेच. उलट एका झोपाळ्यामागे ९,००० सुटत असतील तर चार-पाच झोपाळ्यांत हिशेब मिटतो. पण चार-पाच झोपाळे स्टॉलवरून उचलून कोणी नेणार नाही, ते तुम्ही पाहिलंतच. मधल्या वस्तू घ्या. तिवई, घडवंची, भिंतीवरचं खुंटाळं, पाटांची जोडी. यांत समजा १,२०० सुटले. अशा बारा-पंधरा वस्तू गेल्या तर भाड्याचा बोजा उतरतो, बाकीचा खर्च झोपाळ्याच्या तीन ऑर्डरींत निघतो, आणि त्यापुढच्या ऑर्डरी मिळतील तो निव्वळ फायदा.

तेव्हा पत्नीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. छोटी वस्तू हवी, पण ती तुमच्याच कामातली हवी. मोबाइलचे स्टँड आणि चमचे मशिनवर शेकड्याने करणारे तिथे चार स्टॉल सोडून बसलेले असतात, त्यांच्या भावाशी तुम्ही लढू नका. घडवंची मात्र कोणाकडे नसते. पुण्या-मुंबईत आता हंडा-कळशी नाही, पण तीच घडवंची कुंडीखाली, पाण्याच्या फिल्टरखाली, पलंगाशेजारी दिव्याखाली चालते. उंची थोडी कमी-जास्त करा आणि तीन उंचींच्या ठेवा. शिवाय तिच्या पायांचे सांधे झोपाळ्याच्या सांध्यांसारखेच असतात. दोन-अडीच हजारांची घडवंची नेलेलं गिऱ्हाईक वर्षभर ती वापरतं, ती हलत नाही, डुगडुगत नाही हे बघतं, आणि मग टेबलाचं विचारतं. आणि बाबांना सांगा, खाजेवाल्याला कमी लेखू नका. जत्रेतून परत जाताना त्याची टोपली रिकामी असते.

झोपाळा न्यावाच, माझंही तेच मत आहे. पण एकच, आणि तो विकायचा नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी कोणी रोख घेऊन उभं राहिलं तरी "ऑर्डर घेतो, हा नमुना आहे" म्हणायचं. झोपाळ्याचं काम माणसं थांबवणं, बसवणं आणि बोलतं करणं. पुण्यात निम्म्या लोकांना आजोळच्या पडवीतला झोपाळा आठवतो. एखाद्या आजी येतील, बसतील, रत्नागिरीजवळचं आजोळ, तिथल्या पितळी कड्या, दुपारची गोष्ट, सगळं सांगतील आणि अर्धा तास उठणार नाहीत. त्यांना उठवू नका. पुढच्या वेळी आजी मुलाला घेऊन येतात आणि मोजमापाचं मुलगा विचारतो.

अडचण आहे ती झोपाळा टांगायची. स्टॉल म्हणजे लोखंडी पाइप आणि कापड, त्याला झोपाळा लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण, आणि आयोजकही परवानगी देणार नाहीत. चार मोठी माणसं बसली की सहज अडीच-तीनशे किलो वजन होतं, त्यात झोका घेतला की ओढ आणखी वाढते. फळी नुसती जमिनीवर ठेवून मागे फोटो लावणारे मी पाहिलेत. लोक ती ओलांडून जातात. त्यापेक्षा बाबांकडून एक स्टँड करून घ्या. दोन्ही बाजूंना पाय फाकलेल्या कैच्या, खाली रुंद बैठक, वर एक दणकट आडवी तुळई. सांधे खाचेत कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाची जीभ, घालून, बाहेरून लाकडी पाचर मारलेले. पाचर काढली की पाच-सहा तुकडे सुटे होतात आणि टेम्पोत कडेला उभे राहतात.

स्टँड पक्कं झालं की ते नुसतं नमुना टांगायला लागतं असं नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची झोपाळ्याबद्दलची पहिली अडचण तीच असते, टांगायचा कुठे? बाल्कनीत हूक नाही, स्लॅबमध्ये भोक पाडायला सोसायटी कटकट करते, भाड्याच्या घरात तर विषयच नाही. स्टँडसकट झोपाळा असला की हा प्रश्न राहत नाही. खोली बदलली तर झोपाळा हलवता येतो, घर बदललं तर सोडून नेता येतो. माझा अंदाज असा की तुमच्याकडे नुसत्या झोपाळ्यापेक्षा स्टँडवाल्याच्याच ऑर्डरी जास्त येतील. पण कोणी छताला टांगायचाच म्हटला, तर हूक आरसीसी बीममध्ये आणि माहीतगार माणसाकडून बसवून घ्यायचा, ती जबाबदारी गिऱ्हाइकाची, हे कागदावर लिहून घ्या.

स्टॉलवर झोपाळ्याची लांब बाजू रस्त्याकडे करू नका. झोका पुढे आला की जाणाऱ्याच्या गुडघ्याला लागतो. आखूड बाजू रस्त्याकडे ठेवा, म्हणजे झोका स्टॉलच्या आतल्या आतच जातो. कड्या आखूड ठेवल्यात तर झोकाही लहान राहतो. पोरं चढणारच, तेव्हा तुळईचे कोपरे आधीच गोल करून न्या. "हात लावू नये" ही पाटी असेल तर ती घरी ठेवा.

आता चिरलेल्या टेबलाबद्दल. पत्रात तुम्ही हे एका ओळीत उरकलंत, पण मला सगळ्यात काळजी याचीच वाटते, कारण स्टॉलवर चिरलं ते तुमच्या डोळ्यांसमोर चिरलं. तेच गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात चिरलं असतं तर तुमचं नाव गेलं असतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग, उघड्या पडवीत ठेवलेल्या लाकडात अठरा टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. तेच लाकूड पुण्याच्या कोरड्या हवेत, एसीच्या खोलीत, नाहीतर प्रदर्शनाच्या हॅलोजनखाली राहिलं की हळूहळू आठ-नऊवर येतं. ओलावा सुटला की लाकूड आक्रसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, पण रुंदीत बरंच. दोन फूट रुंदीचा टेबलाचा वरचा भाग या फरकाने दोन, कधी तीन सूतसुद्धा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी होतो. खालच्या आडव्या पट्ट्यांना तो वरचा भाग चारही बाजूंनी फेविकॉल आणि स्क्रूने आवळलेला असेल, तर आक्रसायला जागा मिळत नाही आणि लाकूड चिरून जागा करून घेतं. गणपतीनंतर घाईत केलेलं टेबल, म्हणजे अगदी ओल्या हवेतलं. त्यात फणस नुकता कापलेला असेल तर विचारायलाच नको.

उपाय बाबांना माहीत असणार, जुन्या सुतारांना तो ठाऊक असतोच, घाईत सुटला असेल. मधला स्क्रू घट्ट, कडेचे स्क्रू लांबट भोकात, वायसर घालून, जेमतेम आवळलेले. वरच्या फळ्या एकमेकींना चिकटवा, पण खालच्या पट्टीला चिकटवू नका. टोकाला आडवी पट्टी द्यायची असेल तर तीही मधेच पक्की, कडेला खाचेत मोकळी. आणि एक मॉइश्चर मीटर घ्या. हजार-दोन हजारांचा साधा मीटरही फळीत सुया टोचून चौदा आणि अठरातला फरक दाखवतो, एवढं पुरे. प्रदर्शनाला न्यायचं लाकूड पाऊस सुरू व्हायच्या आधी कापून माळ्यावर चढवून ठेवा. चुलीच्या वर माळा असेल तर त्याहून उत्तम. जुन्या घराचे वासे आणि तुळया यांचा फायदा इथेच आहे, त्या वर्षानुवर्षं वाळलेल्या असतात. फक्त आतले खिळे शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं जायचं. समुद्रापासून जवळ राहणाऱ्यांकडची ऑर्डर असेल तर लोखंडी स्क्रू अजिबात नकोत, पितळेचे किंवा स्टेनलेस घाला.

फणसाबद्दल गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. ताजं रंधलेलं फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं. "रंग लावलाय का?" असं हमखास विचारतात. उजेडात राहून तेच हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातं. काही महिन्यांनी रंग बदलला म्हणून फोन येण्यापेक्षा स्टॉलवरच एक जुना तुकडा आणि एक नवा तुकडा शेजारी ठेवा, बोलायची गरजच पडत नाही. आणि नव्या फणसाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा गठ्ठा चार दिवस एकाच जागी ठेवू नका. उन्हाची तिरीप येत असेल तर भोवतालचं लाकूड गडद होतं आणि गठ्ठ्याखाली फिकट चौकोन उमटतो.

ऑनलाइन भाव दाखवणाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांनी दाखवलेलं फर्निचर वाईटच असतं असं नाही. जोधपूरकडून येणारं आंबा आणि शिसमचं पुष्कळ काम चांगलं असतं, आणि स्वस्त हवं असेल त्यांच्यासाठी रबरवूड आणि एमडीएफ आहेच. तुम्ही खुर्ची उलटी करा आणि खालची बाजू दाखवा. चांगल्या कामाची खालची बाजू बघायला मिळत नाही, त्यामुळे लोक वाकून बघतात. आणखी एक करा. एक सुटा सांधा करून टेबलावर ठेवा, पाचर काढता-घालता येईल असा, दोन हातांत मावेल एवढा. मोठी माणसंही तो सोडून-जोडून बघत बसतात. "ह्यात खिळा नाही?" असं त्यांनीच विचारलं की ऑनलाइनचा विषय तिथेच संपतो.

प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा. किंमत नसेल तर निम्मे लोक विचारायला संकोचतात आणि उरलेले निम्मे घासाघीस करायच्या तयारीने येतात. चिठ्ठीवर लाकूड कोणतं, जुनं असेल तर घराच्या कोणत्या भागातलं, माप काय, आणि ऑर्डर दिल्यास किती आठवड्यांत मिळेल, एवढं असावं. "मालवणातल्या जुन्या घराची माडीची तुळई" हे खरं असेल तरच लिहा. खोटी गोष्ट चिकटवलेली पुणेकर बरोबर ओळखतो. स्टॉलवरचा भाव आणि गावातला भाव एकच ठेवा. स्टॉलवर वाढवून सांगितलंत की हुशार गिऱ्हाईक परत जाऊन गावी फोन करतं आणि स्वस्तात मागतं, आणि एकदा दिलंत की सगळ्यांना द्यावं लागतं. घासाघीस करणाऱ्याला किमतीत सूट देऊ नका. वर्षभराने एकदा पॉलिशचा हात मारून देतो म्हणा, जवळपासच्या दोन-तीन ऑर्डरी एकत्र झाल्या की जमतं. नातेवाइकांचं मात्र तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही.

ऑर्डर वहीत घ्या, फोनवरच्या मेसेजवर विसंबू नका. नाव, नंबर, माप, लाकूड, पॉलिश, तारीख. त्याखाली मजला कितवा, लिफ्ट किती मोठी, जिना किती रुंद, वर कोण चढवणार. निम्मे पैसे ऑर्डरीबरोबर, उरलेले माल निघायच्या आधी. यूपीआयने एका दिवसात साधारण एक लाखापर्यंतच पैसे जातात, मोठी ऑर्डर असेल तर बँकेतून घ्या. जे ऑर्डर देत नाहीत पण बराच वेळ बसून जातात, त्यांचाही नंबर घ्या आणि परवानगी विचारून पंधरा दिवसांनी एक फोटो पाठवा. एकच. रोज शुभ सकाळ पाठवायला लागलात तर ब्लॉक होणार.

तारीख देताना आपला पाऊस विसरू नका. जूनपासून दसऱ्यापर्यंत लाखेचं पॉलिश करायला जाऊ नका, दमट हवेत ते पांढरट पडतं, मग कितीही घासा. जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेल्या ऑर्डरी मेच्या मध्यापर्यंत पोचवता येतील तेवढ्याच घ्या. बाकीच्यांना दिवाळीनंतरची तारीख स्पष्ट सांगा. खरोखर हवं असेल तो थांबतो. आणि तेल-मेणाचा हात पसंत पडत असेल तर तोच सुचवा. चहाचा डाग पडला तर गिऱ्हाईक घरीच पुसून पुन्हा मेण लावू शकतं.

प्रदर्शन कुठलं निवडायचं, याला माझी एकच कसोटी आहे. मागच्या वर्षी तिथे बसलेल्या दोघांना फोन करा, त्यातला एक मोठ्या वस्तू विकणारा असावा. आयोजकाला विचारायचे प्रश्न साधे. हॉल की मैदान, टेम्पो स्टॉलपर्यंत येतो का, माल उतरवायला किती तास, रात्री पहारा आहे का, विजेचा पॉइंट भाड्यात आहे का. टेबल-खुर्च्या देतात त्या घेऊ नका. तुमच्या स्टॉलवर प्लॅस्टिकची खुर्ची दिसली तर कसं व्हायचं?

सरकारी वाटा दोन-तीन आहेत. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून कारागिराचं पहचान कार्ड काढा. त्यांच्या बाजारांत आणि प्रदर्शनांत ते उपयोगी पडतं. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, त्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. एका कुटुंबात एकालाच, पण इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, तेव्हा बाबा आणि तुम्ही वेगळे धरले जाता. आणि पत्नीचा गट उमेद या राज्य सरकारच्या अभियानाशी जोडलेला असेल तर मुंबईतल्या महालक्ष्मी सरस या प्रदर्शनाची वाट त्यांच्याकडूनच जाते. तिथे पाट, खुंटाळी आणि घडवंच्या गटाच्या नावाने नेता येतील. गोव्यात विकायला जाणार असाल तर ते दुसरं राज्य आहे, जीएसटीचं आधी सीएला विचारा. लाकडाची पावती, आणि आपल्या बागेतलं झाड असेल तर तोडीच्या परवानगीचा कागद, यांची प्रत टेम्पोत असू द्या. आंबा, फणस, साग ही झाडं आपल्याच जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते, आणि घाटातल्या नाक्यावर रात्री कागद शोधत बसायची पाळी येऊ नये.

टेम्पो छोटा हत्तीच घ्या. त्याचा हौदा जेमतेम सात फूट लांब असतो, त्यात मावेल तेवढंच न्यायचं असं ठरवलंत की माल आपोआप आटोक्यात राहतो. टेबलाचा वरचा भाग आडवा न ठेवता कडेवर उभा ठेवा, मधे गोधड्या घाला, दोरी कोपऱ्यावर येईल तिथे पुठ्ठा लावा. आंबोलीच्या वळणांवर जे घासायचं ते इथेच घासतं. डब्यात थोडं पॉलिश, मेण, बारीक पॉलिश पेपर आणि दोन-चार जादा पाचरी असू द्या.

आणखी एक प्रदर्शन तुमच्या दाराशीच भरतं, त्याचा पत्रात उल्लेख नाही म्हणून सांगते. मेमध्ये आणि गणपतीला चाकरमानी गावी येतात. बंद घर उघडलं की पहिल्यांदा दिसतं ते वाळवी लागलेलं फडताळ आणि तुटलेला चौरंग. त्या आठवड्यात खळ्यात चार वस्तू मांडा, स्टँडवरचा झोपाळा बाहेर काढा. भाडं नाही, टेम्पो नाही. आणि त्यांच्यासाठी एक वस्तू नवीन करून बघा, घडी घालता येणारी माटवी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट. मुंबईत गणपती बसवणाऱ्या कितीतरी मालवणी घरांना ती हवी असते. पण फ्लॅटमध्ये वर टांगायला जागा नाही आणि वर्षभर ठेवायला माळा नाही. दोन पायांवर उभी राहणारी, सुटी करून पलंगाखाली जाणारी माटवी केलीत तर गिऱ्हाईक शोधायला पुण्याला जावं लागणार नाही.

प्रदर्शनांचे अर्ज बरेच आधी भरावे लागतात, आणि निवड फोटोंवरून होते. फोटो पांढऱ्या चादरीपुढे काढू नका, पडवीत काढा, बाबा झोपाळ्यावर बसलेले चालतील. स्टँडचं सुतारकाम माळ्यावरचं वाळलेलं लाकूड काढून पावसाळ्यातच उरका. सांधे कोरडे, म्हणजे गोंद न लावता, जोडून बघा, पाचरी सैल ठेवा. पॉलिश दसऱ्यानंतर.